व्यापारी सफरीचा खर्च : कंपन्यांचा आणि आपला

व्यापार आणि सफर यांचे नाते फार जुने आहे. सूरह कुरैशमध्ये मक्केच्या व्यापाऱ्यांच्या हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन प्रवासांचा उल्लेख आहे. हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे हे काफिले जात, असे मुफस्सिर सांगतात. स्वतः हुजूर (स.) हे हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामच्या बाजारपेठेत गेले होते. तेव्हा व्यापाऱ्याने घराबाहेर पडणे ही आपल्यासाठी काही नवी गोष्ट नाही. नवा आहे तो प्रश्न. मोबाइलवर माल दिसतो, भाव कळतो, पैसेही पाठवता येतात, मग भाडेतोडे खर्चून जायचे कशाला?

हा प्रश्न आज आमच्या भद्रकालीतील कापड दुकानदारांपासून थेट अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांपर्यंत सर्वांनाच पडला आहे. फरक इतकाच की कंपन्या त्याचे उत्तर आकडे मांडून शोधतात आणि आपण सवयीने किंवा रागाने ठरवून टाकतो. म्हणून या लेखात जगातील व्यापारी प्रवासाच्या खर्चाचे काय चालले आहे हे थोडक्यात पाहू आणि त्यातून आपल्यासारख्या लहान व्यापाऱ्याला काय घेता येईल याचा विचार करू.

जगात काय चालले आहे

नोकरी किंवा धंद्याच्या कामासाठी होणाऱ्या प्रवासात विमान व रेल्वेची तिकिटे, हॉटेल, जेवण, टॅक्सी आणि परिषदा-प्रदर्शनांचा खर्च मोडतो. ग्लोबल बिझनेस ट्रॅव्हल असोसिएशन ही संस्था या खर्चाचा जागतिक अंदाज काढत असते. तिच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभर या कामी सुमारे १.४ लाख कोटी डॉलर खर्च झाले. २०२० मध्ये कोरोना आला आणि हा आकडा निम्म्याच्याही खाली घसरला. आपल्याकडे २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली, प्रवासी रेल्वे थांबल्या, देशांतर्गत विमाने २५ मेपर्यंत जमिनीवर होती. सगळ्या जगात कमी-अधिक असेच चित्र होते.

त्या काळात अनेक जाणकार म्हणू लागले की कामासाठीचा प्रवास आता संपला, यापुढे सर्व बैठका संगणकाच्या पडद्यावरच होतील. तसे झाले नाही. खर्च दरवर्षी वाढत गेला आणि २०२४ च्या सुमारास तो रुपया-डॉलरच्या हिशेबात २०१९ च्या पातळीला येऊन पोहोचला. मात्र दरम्यान तिकिटे आणि हॉटेले महाग झाली आहेत. महागाई वजा केली तर खरा प्रवास अजून पूर्वीइतका होत नाही. म्हणजे पैसा तेवढाच, पण फेऱ्या कमी. ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या खर्चात अमेरिका आणि चीन या दोन देशांचा वाटा सर्वांत मोठा आहे. युरोपातील कंपन्यांनी आणखी एक कारण पुढे केले आहे, ते हवेच्या प्रदूषणाचे. जवळच्या गावी विमानाने न जाता रेल्वेने जा, असे त्या आपल्या नोकरांना सांगतात. फ्रान्सने तर २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येईल अशा काही देशांतर्गत मार्गांवरील विमाने कायद्यानेच बंद केली.

नवे साधन आले की प्रवास संपणार, ही भाकिते तशी जुनीच आहेत. तार आली, ट्रंक कॉल आला, एस.टी.डी. बूथ आले, फॅक्स आला, प्रत्येक वेळी हेच बोलले गेले. आमचा अनुभव उलटा आहे. एस.टी.डी. आल्यावर आमच्या ओळखी वाढल्या. पूर्वी आमच्या वालिद साहेबांचे मुंबईत चार व्यापारी होते, ते आमच्या काळात मुंबई, भिवंडी, सुरत, इचलकरंजी, अहमदाबाद मिळून तीस-पस्तीस झाले. ओळखी वाढल्या तशा फेऱ्याही वाढल्या.

कंपन्या लगाम कसा ठेवतात

आमच्या नाशिकला सातपूर आणि अंबड या दोन मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. ओझरला विमानांचा कारखाना आहे, नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे. अशा ठिकाणी काम करणारी बरीच मंडळी आमच्या दुकानी गिऱ्हाईक म्हणून येतात. त्यांच्याकडून आम्ही कंपन्यांची रीत विचारून घेतली. ती मोठी शिकण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट अशी की जाण्यापूर्वी कारण लिहून द्यावे लागते. कुठे जायचे, कोणाला भेटायचे, काय काम आहे आणि ते फोनवर का होणार नाही, एवढे लिहिल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. दुसरी गोष्ट, कोणी कशाने प्रवास करायचा आणि किती भाड्याच्या हॉटेलात उतरायचे याची मर्यादा हुद्द्याप्रमाणे आधीच ठरलेली असते. तिसरी, तिकिटे आणि खोल्या एकाच एजंटामार्फत घेतल्या जातात, त्यामुळे भावात सूट मिळते आणि सर्व हिशेब एका जागी राहतो. चौथी, प्रत्येक बिल कंपनीच्या नावाने आणि तिच्या जीएसटी नंबरावर घेतले जाते. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे परत आल्यावर काय साधले हे लिहून द्यावे लागते.

आता आपले पाहा. मनात आले की पिशवी उचलली आणि निघालो. आल्यावर खिशातले उरलेले पैसे मोजले आणि जेवढे कमी भरले तेवढा खर्च मांडला. कोणत्या फेरीत काय मिळवले याची नोंद नाही. वर्षअखेर 'प्रवास खर्च' म्हणून एक ठोक रक्कम वकिलाला सांगायची, बस्स. आम्हीही वीस वर्षे हेच केले, म्हणून कबूल करायला लाज वाटत नाही.

नाशिकहून जाण्याच्या सोयी

कापड व्यापाऱ्याच्या दृष्टीने नाशिकची जागा चांगली आहे. मालेगावचे माग आमच्याच जिल्ह्यात, येवल्याची पैठणी आमच्याच जिल्ह्यात, आणि मुंबई रेल्वेने नाशिकरोडहून १९० किलोमीटरच्या आत.

मुंबईसाठी पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून धावते आहे. सकाळी नाशिकरोडला बसावे, मुंबईला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून पायी मंगलदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केट गाठावे, खरेदी उरकून संध्याकाळच्या गाडीने परत यावे, असा क्रम आमच्या वालिद साहेबांनी वर्षानुवर्षे पाळला. मुक्कामाचा खर्चच नाही. कधी काम लांबलेच तर मुसाफिरखान्यात रात्र काढायची. त्यांच्या पिढीने सफरीचा खर्च कमी ठेवला तो असा. आता २०२३ पासून 'वंदे भारत' गाड्याही नाशिकरोडला थांबू लागल्या आहेत. त्या वेगवान आहेत पण भाडे बरेच जास्त आहे. ज्याला दिवसभरात काम उरकायचे आहे त्याने दोन्हींचे वेळापत्रक ताडून पाहावे आणि एक तास वाचवण्यासाठी किती पैसे मोजायचे ते स्वतःच ठरवावे.

भिवंडीसाठी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हा टप्पा इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत आहे. सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. वेळ वाचतो, पण टोल लागतो. एकट्या माणसाने मोटार काढली तर हा खर्च जड जातो, चौघे मिळून गेले तर परवडतो.

सुरतेची गोष्ट वेगळी. नाशिकहून सुरतेला थेट रेल्वेमार्ग नाही. एक तर जळगावला जाऊन तापी मार्गाची गाडी धरायची, नाही तर कल्याण-वसईवरून वळसा घालायचा. म्हणून बहुतेक व्यापारी रात्रीच्या बसने घाट उतरून जातात. ओझरला विमानतळ आहे. 'उडान' योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये तेथून विमाने सुरू झाली, पुढे काही सेवा बंद पडल्या, काही नव्याने आल्या. कारखान्यांच्या साहेबांना त्याचा उपयोग आहे. तीन टक्के, चार टक्के नफ्यावर माल फिरवणाऱ्या कापडवाल्याला रेल्वे आणि बस यांचाच आधार आहे.

एका फेरीचा हिशेब

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. समजा दोन माणसे दोन रात्रींसाठी सुरतेला गेली. बसचे भाडे माणशी एका बाजूचे ६०० रुपये धरले तर दोघांचे जाण्या-येण्याचे २,४०० झाले. खोली १,५०० रुपये रात्र म्हणजे ३,००० रुपये. जेवण-चहा माणशी रोज ४०० रुपये, तीन दिवसांचे दोघांचे २,४००. रिक्षा, हमाली आणि किरकोळ १,२००. एकूण ९,००० रुपये.

या फेरीत तीन लाखांचा माल घेतला तर सफरीचा खर्च मालाच्या तीन टक्के झाला. नव्वद हजारांचाच घेतला तर तोच खर्च दहा टक्क्यांवर गेला. खर्च तोच, पण पहिल्या व्यापाऱ्याला तो पेलतो आणि दुसऱ्याचा नफा खाऊन टाकतो. म्हणून फेरी महाग आहे की स्वस्त आहे हे भाड्यावरून ठरत नाही, त्या फेरीत किती काम झाले त्यावरून ठरते.

दुसरी बाजूही पाहू. तीन लाखांचा माल १०० रुपये मीटर भावाने घेतला तर ३,००० मीटर होतो. समोर बसून बोलल्याने मीटरमागे दोन रुपये कमी झाले तर ६,००० रुपये तिथेच सुटले. उरलेले ३,००० रुपये चांगला माल निवडून, खराब थान बाजूला काढून वसूल करायचे आहेत. बाजार हिंडणाऱ्या माणसाला हे काही अवघड नाही. पण नुसते एका दुकानी बसून चहा पिऊन मागच्याच भावाने माल उचलला तर ते ९,००० रुपये पाण्यात गेले असे समजावे.

यावरून आम्ही एक नियम केला. सुरतेच्या वर्षात सहा फेऱ्या होत, त्या चार केल्या आणि प्रत्येक फेरीची यादी आधी तयार करू लागलो. कोणता माल, किती, कोणत्या भावापर्यंत, आणि कोणाकडे मागच्या बिलाचा वाद आहे, हे सर्व एका कागदावर. जगातील कंपन्या आज फेऱ्या कमी करून एकेका फेरीत अनेक कामे उरकतात असे वाचण्यात येते. आपणही तेच करावे.

फोनवरची खरेदी कुठे चालते, कुठे फसते

आमचे चिरंजीव शिकलेले आहेत. कोरोनानंतर त्यांनी सांगितले, "अब्बा, आता व्हिडिओवर सगळे दिसते, जायची काय गरज?" आम्हालाही पटले. २०२२ च्या रमजान ईदसाठी आम्ही ड्रेस मटेरियलचा बराच माल व्हिडिओवर पाहून मागवला. पडद्यावर रंग सुरेख दिसत होते. माल आला तेव्हा कापड हाताला हलके लागले आणि रंग ट्यूबलाइटच्या उजेडात एक, उन्हात दुसरा. त्यातच दोन गिऱ्हाइके धुतल्यावर रंग सुटल्याची तक्रार घेऊन आली. समोरच्या व्यापाऱ्याने माल परत घेण्यास नकार दिला. त्याचे म्हणणे, "शेठ, तुम्ही पाहून पसंत केला होता." त्यात खोटे काही नव्हते. पाहिला होता, पण हात लावला नव्हता. ईद सरल्यावर तो माल पडत्या भावाने काढावा लागला आणि चाळीस हजारांचा फटका बसला. फेरीचे आठ-नऊ हजार वाचवायला गेलो होतो.

पण यावरून फोनची खरेदीच वाईट असे म्हणणे चुकीचे होईल. पॉपलीन, अस्तर, लुंगी, परकराचे कापड असा माल आम्ही ठरलेल्या कंपनीचा, ठरलेल्या नंबराचा घेतो. तो वीस वर्षांपासून फोनवरच येतो आणि कधी तक्रार झाली नाही. कारण तेथे नमुना आधीच हातात आहे, भाव बाजारात उघड आहे आणि देणारा ओळखीचा आहे.

तेव्हा फरक असा करावा. पुन्हा पुन्हा येणारा, ठरीव माल असेल तर फोन पुरे. नवा माल, नवा रंग, नवा व्यापारी असेल तर जावे, किंवा निदान नमुन्याचा तुकडा कुरिअरने मागवून, धुऊन, उन्हात पाहून मगच ऑर्डर द्यावी. आणि 'माल नमुन्याप्रमाणे नसेल तर परत' असे व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घ्यावे. तोंडी बोलणे वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही. आपल्या दीनमध्येही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे, ती काही उगाच नाही.

परदेशातही हाच अनुभव आला. चीनमधील ग्वांगझू शहरात १९५७ पासून वर्षातून दोनदा मोठा व्यापारी मेळा भरतो, ज्याला कँटन फेअर म्हणतात. जून २०२० मध्ये तो प्रथमच संपूर्णपणे पडद्यावर भरवावा लागला. कोरोनाचे निर्बंध उठल्यावर २०२३ च्या वसंतात तो पुन्हा पूर्ण स्वरूपात प्रत्यक्ष भरला आणि परदेशी व्यापारी पुन्हा तेथे जाऊ लागले. ज्यांच्याकडे जगातील उत्तम साधने आहेत तेही शेवटी मालाला हात लावायला गेलेच.

वसुलीची फेरी

कापडाच्या धंद्यात सफर फक्त खरेदीसाठी होत नाही. घाऊक व्यापाऱ्याला वसुलीसाठीही फिरावे लागते. दिंडोरी, कळवण, सटाणा, सुरगाणा, पेठ, सिन्नर, येवला या बाजूच्या लहान दुकानदारांना आम्ही उधारीवर माल देतो. पूर्वी आठवडे बाजाराच्या दिवशी एस.टी.ने जाऊन वसुली होत असे. कोरोनात हे बंद पडले आणि नंतर आम्हीही आळसाने फोनवरच काम भागवू लागलो.

अशात एका तालुक्याच्या गावातील दुकानदाराचा फोन बंद लागू लागला. त्याच्याकडे आमचे पासष्ट हजार अडकलेले. तीन महिने गेले. त्याने आपल्याला बुडवले अशी आमची खात्री झाली आणि वकिलाची नोटीस पाठवायचे ठरले. नोटिशीचा कागद तयारही झाला होता. पण वालिद साहेब हयात असते तर आधी जाऊन पाहा असे म्हणाले असते, असा विचार मनात आला आणि आम्ही एस.टी. धरली.

दुकानाला कुलूप होते. घरी गेलो तर समजले की दुकानदाराचे वडील इस्पितळात बरेच दिवस होते आणि महिन्यापूर्वीच वारले. उपचारात सगळी पुंजी गेली, मोबाइलही विकला होता. आम्हाला पाहून तो गोंधळला आणि म्हणाला, "चाचा, तुमचे पैसे बुडणार नाहीत, पण मला तोंड दाखवायला हिंमत होत नव्हती." अडचणीतल्या देणेकऱ्याला सवड द्यावी ही कुरआनची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवशी ती पाळायची वेळ आली. आम्ही हप्ते ठरवले आणि दुकान उघडता यावे म्हणून थोडा नवा मालही पाठवला. सव्वा वर्षात त्याने पै न पै फेडली आणि आज तो आमचे सर्वांत वक्तशीर गिऱ्हाईक आहे.

त्या फेरीचे भाडे जाऊन-येऊन दोनशे रुपयांच्या आत होते. नोटीस पाठवली असती तर पैसे आले असते की नाही ठाऊक नाही, पण माणूस नक्की तुटला असता. सफरीच्या खर्चाचा हिशेब करताना ही बाजूही धरली पाहिजे. कंपन्यांच्या तक्त्यात तिला रकाना नसतो.

बिल, जीएसटी आणि रोख

आता कायद्याच्या काही गोष्टी. यात आपले बांधव सर्वांत जास्त नुकसान करून घेतात.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. रेल्वेच्या वातानुकूलित आणि पहिल्या वर्गाच्या भाड्यावर आणि विमानाच्या साध्या वर्गाच्या तिकिटावर पाच टक्के कर लागतो. तिकीट काढतानाच आपल्या फर्मचे नाव व जीएसटी नंबर भरला असेल, तर धंद्याच्या कामासाठी भरलेला हा कर आपल्या देण्यातून वळता करता येतो. नंबर भरला नाही तर तो हक्क गेला. साध्या डब्याच्या रेल्वे भाड्यावर करच नाही.

हॉटेलचा नियम नीट समजून घ्यावा. रोजचे ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के कर आहे, त्यापूर्वी तो बारा टक्के होता. पण हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा कर लागतो. म्हणजे सुरतेच्या हॉटेलने निम्मा कर केंद्राचा आणि निम्मा गुजरातचा लावला, तर महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या आपल्यासारख्या व्यापाऱ्याला तो वळता करता येत नाही. तो खर्चातच धरावा लागतो. अनेकजण अशी बिले भरून बसतात आणि पुढे नोटीस आली की धावपळ करतात. शिवाय जेवणाच्या बिलावरचा आणि भाड्याच्या मोटारीवरचा कर साधारणपणे वळता होत नाही. आणि ज्यांनी कंपोझिशन योजना घेतली आहे त्यांना यातले काहीच मिळत नाही.

आमच्याच घरातले उदाहरण सांगतो. चिरंजीव गेल्या वर्षी चार वेळा मुंबईला गेले. हॉटेलची सर्व बिले स्वतःच्या नावाने, फर्मचे नाव कुठेच नाही, तिकिटेही तशीच. कर तर बुडालाच, पण आमच्या हिशेबनिसाने विचारले की ही सफर धंद्याची होती हे दाखवणार कसे? उत्तर नव्हते. आता घरात नियम आहे की बिल फर्मच्या नावाने नसेल तर पैसे मिळणार नाहीत.

रोखीचाही नियम आहे. धंद्याच्या खर्चापोटी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर आयकरात तो खर्च मान्य होत नाही. पूर्वी ही मर्यादा २०,००० होती, एप्रिल २०१७ पासून ती निम्मी झाली. कमरेला नोटा बांधून सुरतेला जाण्याचा आमच्या वालिद साहेबांचा जमाना गेला. चोरीची भीतीही गेली, हे एक बरेच झाले.

मुक्कामाच्या बाबतीत आपल्या बांधवांना एक वेगळी अडचणही येते. रात्री अकराला एका परक्या शहरात रजिस्टरात नाव लिहिल्यावर "खोली नाही" हे उत्तर आम्ही ऐकले आहे, पाच मिनिटांपूर्वी त्याच काउंटरवर खोली होती. वाद घालून रात्र जात नाही. म्हणून खोली आधीच पैसे भरून ठरवावी, पावती जवळ ठेवावी आणि प्रत्येक शहरात खात्रीची एक-दोन ठिकाणे लिहून ठेवावीत. मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या वास्तू आपल्या दानशूर बुजुर्गांनी उभ्या केल्या, त्या मुसाफिराची ही अडचण ओळखूनच. त्या मुख्यतः हाजींसाठी होत्या. सुरत, इचलकरंजी यांसारख्या व्यापारी गावांत आपल्या व्यापारी संघटनांनी मिळून अशी साधी, स्वच्छ सोय केली तर तो मोठा सवाबाचा आणि धंद्याच्याही फायद्याचा उपक्रम ठरेल.

प्रदर्शनांबद्दल दोन शब्द

दिल्लीत फेब्रुवारी २०२४ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'भारत टेक्स' नावाची मोठी वस्त्र प्रदर्शने भरली. अशा ठिकाणी एका फेरीत देशभरचा माल पाहायला मिळतो. लहान कारखानदाराला प्रदर्शनातील स्टॉलच्या भाड्याचा काही भाग परत मिळण्याच्या सरकारी योजना आहेत. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी लागते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुलै २०२१ पासून घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांनाही ही नोंदणी करता येते, पण त्यांना तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरताच दिला गेला. म्हणजे मालेगावच्या मागवाल्याला स्टॉलची मदत मागता येईल, आमच्यासारख्या दुकानदाराला नाही. एजंटाच्या बोलण्याला भुलून कोणी पैसे भरू नयेत.

सफर ही अमानत

शेवटी एक गोष्ट नोकर, भागीदार आणि मालक अशा सर्वांसाठी. दुसऱ्याच्या पैशाने केलेली सफर ही अमानत आहे. दीडशेचे जेवण करून तीनशेचे बिल लावणे, साध्या डब्यातून येऊन वरच्या वर्गाचे भाडे घेणे, हे कंपन्यांतही चालते आणि आपल्याकडेही चालते. त्याला हुशारी म्हणतात, पण ती खियानत आहे. मालकानेही आपला हात साफ ठेवावा. सुरतेहून पुढे अजमेरला जियारत करून आलो तर सुरतेपर्यंतचे भाडे दुकानाचे आणि पुढचे आपल्या घरचे. कायदाही हेच सांगतो. आणि मालकाने नोकराला इतका कमी भत्ता देऊ नये की त्याला खोटे बिल लावणे भाग पडावे. तोही गुनाह आपल्याच खात्यावर येईल.

थोडक्यात सांगायचे तर, निघण्यापूर्वी कारण लिहा आणि यादी करा. ठरीव मालासाठी फोन वापरा, नव्या मालासाठी, वादासाठी आणि थकलेल्या वसुलीसाठी स्वतः जा. प्रत्येक बिल फर्मच्या नावाने घ्या. परत आल्यावर एका वहीत खर्च आणि मिळालेला फायदा समोरासमोर मांडा. वर्षाने ती वही उघडली की कोणती फेरी बरकतीची होती आणि कोणती नुसती हौसेची होती, हे आपोआप दिसेल. आमच्या वहीत सर्वांत वर त्या दोनशे रुपयांच्या एस.टी.च्या फेरीची नोंद आहे. अल्लाह सर्वांच्या तिजारतीत बरकत देवो. आमीन.